शाडूचा चेहरा

कार्तिकातल्या एका मंगळवारी माझी बायको वारली. सकाळी तिला ताप होता. दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा ती माझ्याशी बोलली. दिवेलागणीला ती वारली.

त्याच साली फाल्गुनात गावाने माझं तोंड रंगवलं. मी लिहायला बसलो आहे ते त्या रंगवण्याविषयी. तिच्याविषयी लिहायला मी अनेकदा बसलो आणि दर वेळी हेच मध्ये आलं. म्हणून आता हेच आधी लिहून टाकतो.

आमचं गाव अलिबाग आणि किहीम यांच्या मधलं, समुद्राला लागून. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भातखाचरं, पुढे वाळू. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, बायको आणि मी. मूल नव्हतं.

शिमग्याला सोंगं सगळीकडेच निघतात. आमच्याकडे मात्र एक सोंग असं होतं जे मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलं नाही. त्याला मुका म्हणत. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरातल्या पुरुषाने मुका व्हायचं. त्याचं तोंड पांढरं करायचं, ओठांवर शिवण घातल्यासारखे काळे टाके काढायचे, आणि धुळवडीच्या दिवशी त्याने दारोदार जाऊन नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही. बाकीच्यांनी त्याला हसवायचं. तो हसला की त्याच्या घराचा दुखवटा फिटला. मग त्याच्यावर रंग टाकतात, घराघरांतून पुरणपोळ्या येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराला लग्नकार्याची मोकळीक. सूर्य बुडेपर्यंत हसला नाही, किंवा सोंग अंगावर असताना बोलला, तर दुखवटा पुढच्या शिमग्यापर्यंत लांबला. मग वर्षभर त्या घरात शुभकार्य नाही.

हसला की नाही, हे रंगावरून ठरवतात. रंग शाडूचा असतो. ज्याचे गणपती करतात तोच शाडू, पेणहून आणलेला. तो चेहऱ्यावर वाळला की कवचासारखा होतो, आणि गाल हलले की नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत त्याला भेग जाते. म्हातारे जवळ येऊन भेग बघतात. भेग असली तर हसला. मुक्याला विचारायचा प्रश्नच येत नाही, कारण त्याला बोलायची बंदी.

दुखवटा असा हसवून उतरवावा ही कल्पना कुणा शहाण्या माणसाला सुचली असेल, असं आमच्या हेडमास्तरांना वाटे. दुःखात माणूस किती दिवस बुडून राहणार, म्हणायचे. मी वाद घातला नाही. मी लहान असताना माझा चुलता मुका झाला होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. कुणीतरी त्याच्यापुढे बोकडासारखं ओरडलं आणि तो पहिल्याच दारात हसला. मला आठवतं, संध्याकाळी तो ओटीवर बसून पोळ्या खात होता आणि त्याच्या कानाच्या पाळीत पांढरा शाडू तसाच होता. तुपाचा ओघळ हनुवटीवरच्या शाडूत मिसळून त्याचा राडा झाला होता. तो ते जिभेने चाटून घेत होता. वैशाखात त्याने नवीन बायको आणली. शिमगा म्हटलं की मला ती जीभ आठवते.

माघ संपत आला तसं आईने माझ्यापाशी विषय काढला. ती तांदूळ निवडत बसली होती आणि सुपाकडेच बघत बोलत होती.

"औंदा आपल्या घरचा मुका," ती म्हणाली. "गावात दुसरं कोणी गेलं न्हाय."

"मी नाही होणार."

"न्हाय म्हनून कसं चालंल? तुझी काकी गेली तवा तुझा काका झाला होता. घराला धरून चालतं ते." मग थोडं थांबून म्हणाली, "माझे गुडघे बघतोस ना तू? विहिरीवरून कळशी आणताना दोनदा बसते मी. चुलीपाशी बाईमाणूस नको का?"

तेव्हा मला कळलं की गोष्ट सोंगापाशी थांबणारी नाही. बायकोची धाकटी बहीण लग्नाची होती. आई आणि बायकोचा थोरला भाऊ यांचं बोलणं होऊन गेलं होतं. रंगपंचमी झाली की साखरपुडा, आणि चैत्र-वैशाखात लग्न. मध्ये फक्त दुखवटा होता, आणि तो माझ्या गालांवर अवलंबून होता.

मला दुसरं लग्न करायचं नव्हतं. एवढं सरळ होतं. मी ते आईला सांगितलंही. ती म्हणाली, "सगळे पुरुष असंच म्हनतात रे," आणि सूप घोळायला लागली. त्यात तिने मला दुखवलं असं तिला वाटलंही नसेल. पण सगळे पुरुष म्हटल्यावर मला चुलत्याची जीभ दिसली. मी मुका व्हायला तयार झालो तो तिच्यासाठी नाही. मनात म्हटलं, रंगवू दे. मी हसणार नाही. सूर्य बुडेल, गावाच्या चालीनेच माझा दुखवटा राहील, आणि कुणाला काही बोलता येणार नाही.

मुक्याचं तोंड मेलेल्या माणसाच्या माहेरच्याने किंवा भावकीतल्याने रंगवायचं असतं. त्यामुळे बायकोचा तो थोरला भाऊ, माझा मेहुणा, आला. तो थळच्या बाजूला राहायचा आणि पंचक्रोशीतल्या नाटकमंडळीत तोंडं रंगवायचा. राजा, राक्षस, राणी, सगळी तोंडं त्याच्या हातची. अलिबागेला तंबूत मुके चित्रपट दाखवत, त्यात त्याने एक विलायती विदूषक पाहिला होता. त्या माणसाच्या भुवया त्याच्या मनात भरल्या होत्या. पूर्वीच्या मुक्याला नुसता शाडू आणि राख फासत. भुवया, डोळ्यांखालचे थेंब, ओठांवरचे टाके, ही सगळी भर मेहुण्याची. त्याच्यामुळे आसपासच्या गावांतून लोक मुका बघायला येऊ लागले होते.

धुळवडीच्या सकाळी तो आला तेव्हा त्याच्याबरोबर ती धाकटी बहीणही होती. आईला मदतीला म्हणून पाठवली होती, असं सांगितलं. मागच्या पडवीत त्याने पाट मांडला आणि मला त्यावर बसवलं. अंगरखा काढायला लावला. बहिणीच्या हातात आरसा दिला.

"मास्तर, दाढी केलीत ना? बघू." त्याने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. त्याच्या बोटांना तंबाखूचा आणि बोंबलाचा वास होता. "हां. खुंट राहिला की शाडू उचलतो."

एका मडक्यात शाडू रात्रभर भिजत घातलेला होता. वर आलेलं पाणी त्याने अंगणात ओतलं. ते करडं, फेसाळ होतं आणि त्यात एक झुरळ मेलं होतं. झुरळ त्याने दोन बोटांनी उचलून फेकलं आणि तीच बोटं मडक्यात घातली. मग बाभळीचा डिंक घातला, भिजून त्याची शेंबडासारखी तार झाली होती. मग अंडी फोडली. बलक वेगळा काढून त्याने एका वाटीत ठेवला, आणि पांढरं हातानेच शाडूत कालवलं. एका अंड्यात रक्ताचा ठिपका होता. त्याने तो पाहिला आणि तसाच कालवला.

मला शाडूचा वास माहीत होता. शाळेत मुलं गणपती करत तेव्हा तो वास चांगला वाटे, पहिल्या पावसाचा, थंड. अंड्याबरोबर तोच वास नासल्यासारखा झाला. मी तोंड मिटून नाकाने श्वास घेत होतो आणि नाकात तोच वास होता.

"गिळगिळीत वाटंल," मेहुणा म्हणाला. "पन वाळला की बघा. काचेसारखा."

"इतकं अंडं कशाला?"

"अंडं नसलं तर शाडू झडतो. नुसता डिंक असला तर चिवट होतो, गाल हलला तरी तुटत न्हाय." त्याने हसून माझ्याकडे पाहिलं. "मग हसलेलं कळनार कसं? आमची मेहनत फुकट."

त्याने तो थर माझ्या कपाळावर ठेवला. थापला नाही, ठेवला. ओला, जड, थंड. मग बोटांनी खाली ओढला. पापण्यांवरून त्याचा अंगठा गेला तेव्हा डोळा आत दाबला गेल्यासारखं वाटलं. नाकपुड्यांच्या कडेने, वरच्या ओठावर, कानांच्या मागे. ओठांवर आला तेव्हा मी तोंड घट्ट मिटलं. तरी कडेने आत गेलाच. मातीची कचकच आणि अंड्याची बुळबुळ एकदम जिभेवर आली. मी थुंकायला वाकलो.

"थुंकू नका, थुंकू नका. गिळा. पोटात गेला तर काय, देवाचीच माती हाय."

मी गिळला.

धाकटीच्या हातातला आरसा हलत होता. त्यात मला माझं तोंड तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. डोळे सोडून सगळं पुसलं गेलं होतं. मेलेल्या माणसाला आंघोळ घालून ठेवतात तेव्हा त्याचं तोंड जसं कुणाचंच राहत नाही, तसं ते होतं. मी कार्तिकात एक तोंड तसं पाहिलं होतं.

"दादा, पुरे ना," धाकटी म्हणाली.

"आरसा धर नीट. मध्येच काय पुरे?"

मला समुद्राकडे तोंड करून वाऱ्यात बसवलं. शाडू वाळू लागला तशी कातडी आत ओढली जाऊ लागली. आधी कपाळ, मग गाल. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि ती मला खाजवता येईना. कानाशी माशी आली. अंड्याच्या वासाला माश्या येतात. ती गालावर चालली तर ते मला जाणवत नव्हतं, फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

काळ्या रंगासाठी त्याने दिव्याची काजळी धरली होती आणि ती मुशीच्या तेलात खलली होती. मुशी माशाच्या काळजाचं हे तेल होड्यांच्या लाकडाला लावतात. ते उघडलं की वाडीतली कुत्री जवळ येतात. "खोबरेल लावलं की शाडूत उतरतं," मेहुणा म्हणाला, "हे बसल्या जागी बसतं." बोरूने त्याने माझ्या भुवयांच्या वर दुसऱ्या भुवया काढल्या, उंच, आश्चर्य वाटल्यासारख्या. मग ओठांची पांढरी सपाट जागा, तिच्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर उभे टाके. प्रत्येक टाक्याला तो श्वास रोखून धरायचा आणि मग सोडायचा. तो श्वास माझ्या नाकात जायचा.

काम तो चांगलं करत होता. हे मी तेव्हाही पाहिलं आणि त्यानेच मला जास्त शिसारी आली. त्याचे डोळे बारीक झाले होते, जीभ दातांत धरलेली होती. त्याची सख्खी बहीण मेली होती आणि तो टाके सारखे येतायत का ते बघत होता.

शेवटी त्याने आईला हाक मारली. "आत्या, करंडा द्या."

आईने माजघरातून माझ्या बायकोचा कुंकवाचा करंडा आणला. ती अहेवपणी गेली होती. अशा बाईचं कुंकू शुभ मानतात, आणि मुक्याच्या दोन्ही गालांवर ते लावायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. चुलत्याच्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. करंडा मी कार्तिकानंतर पाहिला नव्हता. तो लाकडी होता, झाकणाला आत लहान आरसा होता आणि खालच्या कप्प्यात मेण. मेणावर तिच्या बोटाचा खळगा होता. रोज एकाच ठिकाणी बोट घासून पडलेला.

मेहुण्याने त्याच खळग्यात अंगठा घातला आणि मेण खरवडून काढलं.

मी उठलो असतो. मी त्याचा हात धरला असता. पण माझ्या अंगावर सोंग चढलं होतं आणि तोंड वाळलं होतं, आणि आता काही बोललो तर इथेच सगळं बाटेल आणि आई लगेच रडायला बसेल, हे मला दिसत होतं. मी हललो नाही. त्याने मेण गालावर दाबलं, वर कुंकू चोळलं. उजव्या गालावर, मग डाव्या. मेण गरम बोटाने मऊ झालं होतं आणि शाडूवर चिकटत नव्हतं, म्हणून त्याने त्यावर थुंकी लावली.

"झालं," तो म्हणाला. मागे सरून त्याने मान कलती केली. "भाओजी, शपथ सांगतो, असा मुका अजून निघाला न्हाय."

धाकटीने आरसा पालथा करून भिंतीशी ठेवला आणि ती आत गेली.

दारोदार फिरण्याचं फार सांगण्यासारखं नाही. पुढे ढोल, मागे पोरं. प्रत्येक दारात मी उभा राहायचो आणि लोक जे करायचं ते करायचे. शाळेत मी ज्यांना व्याकरण शिकवत होतो त्यांचे बाप माझ्यापुढे कमरेतून वाकून पादल्याचे आवाज काढत होते. एक म्हातारी, माझ्या आईच्या वयाची, म्हणाली, "मास्तर, रात्री गार वाजत असंल ना एकल्याला?" आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकाने जिवंत खेकडा माझ्या नाकासमोर नाचवला. एकाने माझ्यासारखं पुस्तक वाचून दाखवलं, नाकात बोलत, पान उलटताना बोट चाटत. ते चांगलं जमलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आलं असतं.

मी हसलो नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. गालांवर माती होती, आत उन्हाने घाम सुटला होता, तो बाहेर पडायला जागा नव्हती आणि मानेवरून एक करडा ओघळ छातीपर्यंत आला होता. मुशीच्या तेलाचा वास माझ्याच ओठांवरून येत होता. अशा माणसाला हसू येत नाही. तहान लागली तर पाणी पिता येत नव्हतं.

सूर्य ताडांच्या शेंड्यांवर आला तेव्हा आम्ही होळीच्या माळावर पोचलो. तिथे सगळं गाव जमतं आणि म्हातारे बसतात. त्यांच्यातला मुख्य एक तांडेल होता, होडीवरून उतरून बरीच वर्षं झालेला. त्याने माझ्या गालांजवळ डोळे आणले. "न्हाय," म्हणाला. "कोरा हाय." लोक कुजबुजायला लागले. मी आईकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली होती. मला वाटलं, आता थोडंच राहिलं.

तेवढ्यात माणसांतून एक बाई पुढे आली. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, तोंड झाकलेलं. शिमग्याला पुरुष बायकांची सोंगं घेतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. ती बाई चालत आली आणि ती माझी बायको होती.

लुगडं तिचं होतं, निळं, काठाला बारीक लाल रेघ असलेलं. आईने दिलं असणार. पण लुगड्यामुळे मला तसं वाटलं नाही. ती चाल तिची होती. लहानपणी तिच्या डाव्या पायाचा घोटा मोडला होता, त्यामुळे ती डावं पाऊल किंचित बाहेर टाकायची आणि ते लपवायला उजव्या हाताने निऱ्या धरायची. मी शाळेतून येताना विहिरीवरून ती अशीच येताना दिसायची. ती माझ्यापर्यंत आली, थांबली, मान एका बाजूला करून हळूच म्हणाली, "अहो मास्तर, आज काय शिकवलंत?"

हे ती रोज विचारायची.

लोक हसायला लागले होते. मी पदराखाली पाहिलं. मेहुण्याचे डोळे होते, काजळ घातलेले. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या गालांकडे बघत होते.

मला रडू आलं. कार्तिकापासून आलं नव्हतं. ते पोटातून आलं, त्याने माझं तोंड वाकडं झालं, आणि मला गालांवर कचकन फुटल्यासारखा आवाज ऐकू आला. रडताना तोंडाचे जे स्नायू ओढले जातात तेच हसतानाही ओढले जातात. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. शाडूला त्यातला फरक कळत नाही.

"भेग," मेहुणा ओरडला. त्याने पदर मागे टाकला. "तांडेलबाबा, भेग बघा."

म्हातारा जवळ आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यात शाडू विरघळून चिखल झाला होता, कुंकू त्यात उतरून हनुवटीवरून गळत होतं. त्याला ते दिसत नव्हतं असं नाही. त्याने अंगठ्याने गाल दाबून पाहिला आणि म्हणाला, "भेग ती भेग. हसला." ढोल सुरू झाला. कुणीतरी गुलाल उधळला. माझ्या मागच्या माणसाने मला मिठी मारली आणि माझ्या मानेत त्याचं घामट तोंड आलं. बायकांच्या घोळक्यात आई दोन्ही हात जोडून उभी होती. तिच्या शेजारी धाकटी होती. तिचं तोंड माझ्यापेक्षा पांढरं होतं.

"मी हसलो नाही," मी म्हणालो.

ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. ओठांवरचे टाके तुटून त्यांचे तुकडे माझ्या जिभेवर आले. मी ते थुंकले आणि पुन्हा मोठ्याने म्हणालो, वर्गात म्हणतो तसं.

"मी हसलो नाही. मी रडत होतो. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत."

ढोल थांबला. तांडेल माझ्याकडे बघत राहिला. रागावला होता असं वाटलं नाही. एखादी होडी वाळूला लागली की माणूस जसा बघतो तसा बघत होता. "मुका बोलला," तो म्हणाला. "सोंग बाटलं." मग त्याने आईच्या दिशेने मान वळवली. "वैनी, पुढल्या शिमग्यापर्यंत."

आई आहे तिथे खाली बसली. धाकटीने तिला धरलं.

तोंड धुवायला मी समुद्रात गेलो. शाडू सहज निघाला नाही. अंड्याचा थर खाऱ्या पाण्यात उलट चिकट होतो. तो सालीसारखा सुटायचा आणि त्याबरोबर केस सुटायचे. तेल तर निघालंच नाही. मी वाळूने घासलं. मेहुणा मागून आला. लुगडं त्याने कमरेला खोचलं होतं आणि पायांना पाणी लागू नये म्हणून तो कोरड्या वाळूत थांबला होता.

"लुगडं काढा ते," मी म्हणालो.

त्याने काढलं. आत त्याचं धोतर होतं. लुगड्याची घडी घालता घालता तो म्हणाला, "मास्तर, तुम्हाला वाईट वाटावं म्हनून न्हाय केलं. तिची चाल मी लहानपनापासून काढतो. घोटा मोडला तेव्हा ती कोनाशी बोलायची न्हाय. मी असा चालून दाखवायचो, मग हसायची."

मी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

"मला वाटलं तुम्ही पन हसाल," तो म्हणाला.

त्याने घडी माझ्याजवळ वाळूवर ठेवली. तिच्यावर माझ्या तोंडाचा शाडू उडाला होता आणि त्याच्या घामाचे डाग होते. मी ती घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर उकळली. वास गेला नाही. शेवटी मी ती मागच्या परसात जाळली. हे तिला आवडलं नसतं, पण कुणी पुन्हा नेसावं तेही मला चाललं नसतं.

माझ्या तोंडावर पुरळ उठलं. गालांवर कुंकवाचे दोन फिके डाग राहिले आणि ते तसे घेऊन मी वर्गात जात होतो. मुलं समोर बघायची नाहीत. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिताना मला ओकारी आली, खडूच्या वासाने. मी बाहेर जाऊन आलो आणि पुढचं तोंडी शिकवलं.

आई वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. एकदाच, कळशी ओट्यावर आदळून म्हणाली, "एवढा एक दिवस तोंड मिटून राहायला जमलं न्हाय तुला." मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पाणी त्या दिवसापासून मी भरू लागलो. गावात मास्तर पाणी भरतो याचं काही दिवस हसू झालं, मग ते संपलं.

मेहुण्याला थांबणं परवडणारं नव्हतं. वर्षभर कोण थांबणार. वैशाखात धाकटीचं लग्न पनवेलच्या बाजूला एका भाताच्या व्यापाऱ्याशी झालं. आमच्या घराला आमंत्रण होतं, पण दुखवट्याच्या घरातलं कुणी लग्नाला जात नाही. बऱ्याच वर्षांनी ती मला पनवेलच्या मोटार स्टँडवर भेटली. कडेवर मूल होतं, त्याला खोकला झाला होता. खोकल्याला काय द्यावं ते तिने मला विचारलं आणि मी सांगितलं. शिमग्याचं तिने काढलं नाही. गाडी लागली तेव्हा वाकून पाया पडली.

पुढच्या शिमग्याआधी मी रेवदंड्याच्या शाळेत बदली मागून घेतली आणि आईला घेऊन गेलो. तिथे तिच्या गुडघ्यांना पायऱ्या कमी होत्या. दुसऱ्या लग्नाचं ती पुन्हा बोलली नाही. मुक्याचं सोंग गावात पुढेही निघत राहिलं. मेहुणा हात कापू लागेपर्यंत रंगवत होता, असं ऐकलं. मी पाहायला गेलो नाही. नाटकालाही जात नाही. रंगवलेलं तोंड समोर आलं की माझ्या घशात माती येते, मग ते तोंड कितीही सुंदर रंगवलेलं असो.

आई गेली तेव्हा मी रेवदंड्यालाच होतो. तिथे ती चाल नव्हती. तेरा दिवस झाले, आणि दुखवट्याविषयी मला कुणी काही विचारलं नाही.

आता नोकरी संपली आहे. घरात मी एकटा आहे, पाणी भरतो, स्वयंपाक करतो, वाचतो. बायकोचा फोटो कधी काढला नव्हता. तिचं तोंड मला आता सगळं आठवत नाही. चाल आठवते.